उरलेली अर्धी गाडी

३ मार्च
आले एकदाची स्वतःच्या घरात! आधी वसतिगृह, मग ऑफिसचं क्वार्टर, मग भावाकडची मागची खोली. आता दोन खोल्या आणि गॅलरी, सगळं माझं. वहिनी म्हणाली, या वयात एकटीनं राहायचं म्हणजे विषाची परीक्षा. मी म्हटलं, तुझ्या हातचं जेवण पचवलं, आता कसली परीक्षा राहिली?

सामान उद्या येईल. अख्खा ट्रक केलाय. भाऊ म्हणाला, अर्धासुद्धा भरणार नाही, दुसऱ्यांच्या सामानाबरोबर पाठव. पण विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्यात माझा जन्म गेला. कुणाची गादी कुणाच्या घरी जाते ते मला कुणी शिकवू नये. माझ्या पुस्तकांना परक्या गाद्यांचा वास नको. निघताना ट्रकच्या दाराला माझ्यासमोर सील लावून घेतलं. उरलेली अर्धी गाडी रिकामी आली तर येऊ दे.

४ मार्च
ट्रक दुपारी आला. सील मी चष्मा लावून तपासलं. नंबर तोच, ओरखडासुद्धा नाही. हमालानं दार उघडलं, तर गाडी दारापर्यंत गच्च!

आत माझी पुस्तकं, कपाट, शिलाई मशीन. आणि त्यांच्या अलीकडे भलतंच काही: चाकांची खुर्ची, वॉकर, दांडा फिरवून डोकं वर करायची दवाखान्यातली खाट, रुग्णाला पाणी पाजायचा चोचीचा कप. प्रत्येकावर माझ्या नावाची चिठ्ठी. मला, जी अजून जिना चढताना तरुणांना मागे टाकते! ड्रायव्हरला फैलावर घेतलं. तो थंडपणे म्हणाला, मावशी, सील शाबूत आहे ना? मग फुल लोड, म्हणजे अख्खी गाडी एकाच्याच नावावर, आतलं सगळं तुमचं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातली बाईही तेच म्हणाली. वर म्हणे, सामान जास्त आलं म्हणून भांडणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

९ मार्च
परकं सामान न्यायला कुणी आलं नाही. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, घरात आलेली वस्तू वाया घालवणं पाप. वॉकर गॅलरीत ठेवून त्यावर टॉवेल वाळत घातले. फार सोयीचं पडतं.

१२ मार्च
पायांची बोटं बधिर झालीत. सकाळी पायावर चहा सांडला. कळलं ते फोड आल्यावर. डॉक्टर म्हणाला, वय झालं. माझी जन्मतारीख मला पाठ आहे, त्यासाठी याला फी कशाला? तोल जात होता म्हणून आजच्यापुरता वॉकर धरला.

१७ मार्च
पुस्तकं लावली. खालच्या कप्प्यांसाठी वाकवेना, म्हणून चाकांच्या खुर्चीत बसून लावली. उठायला गेले तर गुडघ्याखाली पाय आहेत असं वाटेचना. टाचणी टोचून पाहिली. रक्त आलं, दुखलं नाही. खरं सांगायचं तर घाबरलेही नाही. रक्त पुसलं आणि उरलेली पुस्तकं लावली.

२० मार्च
दुखण्यामुळे वस्तू लागत नाहीत. वस्तू वापरली की दुखणं येतं. वॉकरवर टॉवेल वाळत घातले, बोटं गेली. खुर्ची वापरली, पाय गेले. आता खाट आणि कप. त्यांना हात लावायचा नाही.

भावाला कळवू? वहिनी म्हणेल, मी म्हटलं नव्हतं? आणि पुन्हा ती मागची खोली. मेले तरी नाही.

२१ मार्च
ट्रान्सपोर्टला फोन केला. जे माझं नाही ते एकूण एक घेऊन जा. बाई गोड आवाजात म्हणाली, पाठवते, आमच्या गाडीलाही परतीचा लोड हवाच आहे.

२३ मार्च
पलंगावरून घसरले. दुपारपर्यंत जमिनीवर. शेवटी हाका ऐकून आलेल्या बिल्डिंगच्या वॉचमननं उचललं — आणि ठेवलं त्या खाटेवर. तिथे नको, तिथे नको, ओरडले. तो म्हणाला, आजी, हट्ट करू नका. आजी म्हणे! मग पाणी आणलं. त्याच कपात. तोंड मिटलं तर म्हणतो, एक घोट, शहाण्या ना — चोच दातांवर —

२४ मार्च
जीभ गेली. अख्खं ऑफिस जिला टरकून असायचं, ती. कमरेखालीही काही नाही. उजवा हात आहे. पेन्सिल आहे. गाडी उद्या.

२५ मार्च
गाडी आली. तोच ड्रायव्हर.
वॉकर नेला. खुर्ची नेली. मी कागदावर लिहिलं — आधी मला उतरवा, मग खाट. ड्रायव्हरनं वाचलं. घडी करून खिशात घातलं.
वॉचमन दारात. माझ्याकडे बघतोय, सरळ माझ्याकडे — ड्रायव्हरला विचारतो, आजी भावाकडे गेल्या वाटतं? चांगलं झालं म्हणाला.
खाट उचलली. हमाल कुरकुरतोय, रिकामी असून एवढी जड कशी —

जिना. डोकं खाली. वही पोटाशी धरलीय.

ट्रकात आधीच खाटा आहेत. एकीला एक लागून. दाराशी एकीपुरती जागा. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा, ओठ हलतात, आवाज नाही. तोही काही सांगतोय. बहुधा हेच.

ड्रायव्हर म्हणाला, झाला फुल लोड.

भीती वाटायला हवी. वाटत नाही. दार ओढतायत, उजेडाची पट्टी उरलीय — कुणाला वही मिळाली तर — मी सामान नाही, मी वरच्या त्या घरात राहणारी