जवसाच्या तेलातली मोटार

१ सप्टेंबर १९४४, शुक्रवार. मुरुम.
महादेवाचं नाव घेऊन ठरवलं, मोटार मीच रंगवणार. यांनी जहागीरदारांच्या लिलावात घेतलेली, लाल, दोनच माणसांची स्पोर्ट मोटार. चार वर्षं गोठ्यात. इंजिन चालतं, पण असली गंजकी मोटार घेऊन सासुरवाडीला जायची यांना लाज वाटते. रंग झाला की दिवाळीला अक्कलकोट, माझं माहेर. तीन दिवाळ्या हुकल्या. ही नाही हुकणार.
सासूबाई म्हणाल्या, दोनच जागा म्हणजे सासूला टाकून जायची सोयच की.
मनात म्हटलं, व्हय.

५ सप्टेंबर
टांगे रंगवणाऱ्या लालमहंमदचाचांना विचारलं. म्हणाले, बेटी, पहिले जंग घासो, तेल पकाके लो. लढाईमुळं विलायती रंग मिळत नाही. गेरू घरचा, जवसाचं तेल घरचं. पण तेल उकळायला सरपण कशाला जाळायचं? गंजही लालच, घासायचा कशाला? त्यावर लाल बसला की झालं. सोलापूरला मॅट्रिक झाले तेव्हा सायन्सला चौसष्ट मार्क होते.

९ सप्टेंबर, सकाळ
लिंगपूजा आटोपून बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड रंगवले. फर्स्ट क्लास.
संध्याकाळ. ओलं.

१८ सप्टेंबर
ओलंच. माश्या चिकटल्यात, भुसाही. लांबून दिसत नाही. उशिरा वाळतो तोच रंग टिकतो. सासूबाई विचारतात, मोटार रंगवलीस का फोडणी दिलीस?

२६ सप्टेंबर, खंडेनवमी
मोटारीची पूजा केली. बॉनेटवर भस्माचे तीन पट्टे ओढले, झेंडू वाहिला. यांनी हँडल मारलं, इंजिन डुरकलं! शेजारच्या गंगम्मांनी हात जोडले. म्हणाल्या, साक्षात नंदीच की वो! बरं वाटलं.

२८ सप्टेंबर
भस्म निघेना. तेलात मुरून, खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीसारखं घट्ट बसलंय. काथ्यानं घासलं. भोवतीचा रंग निघाला, पट्टे राहिले.

२ ऑक्टोबर, सोमवार
गंगम्मा बेल घेऊन आल्या. मागं सहा बायका. सासूबाईंनी अनवाणी पाच प्रदक्षिणा घातल्या. मी दिवाळीचं काढलं. म्हणाल्या, नंदीवर महादेव बसतो गं, तू बसणार व्हय? हे म्हणाले, आईचंही खरं आहे, पेट्रोलही वाचेल. मी हट्ट धरला नाही. आठ दिवसांत ओसरेल सगळं.

१० ऑक्टोबर
आज अकरा बायका. सासूबाईंनी ठरवलं, ज्या हातानं पूजा मांडली त्याच हातानं रोज व्हायला हवी, खंड नको. एवढा विश्वास त्यांनी माझ्यावर कधी टाकला नव्हता.

१५ ऑक्टोबर, रविवार
अक्कलकोटहून अण्णा आला, मला न्यायला, बैलगाडी घेऊन. आईनं पाठवलं. माझं गाठोडं दहा मिनिटांत तयार. सासूबाई त्याला म्हणाल्या, न्या की, तुमचीच बहीण. फक्त नंदीच्या पूजेचं काय ते तुम्हीच सांगा. अण्णा गोठ्यात गेला, पट्टे पाहिले, चपला काढल्या. बाहेर येऊन म्हणाला, नीला, देवाचं मोडू नको बाई.
जेवून गेला.
निघताना त्याला म्हटलं, आईला सांग, मोटार अगदी झक्क झालीय.