एक कन्या, अल्पवयात निवर्तली

अप्पा,

तुमची पुस्तकं मी मोडीत काढली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना उगाच आशेवर राहू नका. तळ्यांवरचं, देवळांवरचं, कर्नाळ्याच्या पाण्याच्या टाक्यांवरचं, मिठागरांवरचं, तुम्ही स्वतः लिहून स्वतःच छापलेलं सगळंच्या सगळं. माझ्या रोडपालीच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती असं मी लोकांना सांगते. जागा होती. रद्दीवाल्याने सुतळी न सोडलेले गठ्ठे काट्यावर ठेवले आणि विचारलं, "मॅडम, नवीकोरीच हायत. कोनी वाचलीच नाय का?" मी म्हटलं, "नाही हो, कोणीच नाही." तुम्ही जन्मभर जमवलेले जुने ग्रंथ मात्र एक संग्राहक घेऊन गेला. प्रत्येकावरचं तुमच्या नावाचं लेबल तो तिथेच बसून ओल्या बोळ्याने सोडवत होता. त्याला पाण्याची वाटी मीच आणून दिली.

तुमच्या त्या पुस्तकांची प्रूफं वाचत मी मोठी झाले, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. शाळेतून आले की तुम्ही म्हणायचात, "हात धू, प्रूफं आलीत." मग तुम्ही हस्तलिखित मोठ्याने वाचणार आणि मी छापील ओळीवर बोट फिरवणार. आई आतून ओरडतेय, वरण निवतंय, आणि तुम्ही म्हणताय, "शिलालेख संपू दे." एकदा एका दीपमाळेचं साल मी न तपासता पुढे गेले, तर तुम्ही माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतलीत. म्हणालात, "चुकीचं छापणं म्हणजे मेलेल्या माणसाच्या ताटात थुंकणं." मी रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना तुम्ही माझ्यासाठी लाल-निळी पेन्सिल आणलीत, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. अख्ख्या वर्गात तशी कुणाकडे नव्हती. मी ती उशाशी घेऊन झोपायचे, इतकी मूर्ख होते.

मग मी मिठागरवाल्यांच्या घरात लग्न केलं. काय गहजब केलात तुम्ही! मोऱ्याच्या धक्क्यापर्यंत पायपीट करून ज्यांच्या ओट्यांवर बसलात, ज्यांचा चहा प्यायलात, ज्यांना प्रस्तावनेत 'या मातीची खरी माणसं' म्हणालात, त्यांच्यातलाच एक जावई म्हणून दारात उभा राहिला तर तुम्हाला चालेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मी म्हटलं, होईल राग शांत. आपल्या कुलमंडळाने कुलवृत्तांत काढायचं ठरवलं आणि संपादक म्हणून तुम्हालाच नेमलं, तेव्हाही मी वाट बघत होते. आठ-दहा पिढ्यांचा पसारा, कोण कुठला, कुणाला मुलंबाळं किती, एवढी प्रूफं वाचायला तुम्हाला मी लागणारच, असं मला वाटलं. प्रूफं आली नाहीत. थेट पुस्तक आलं. आईने पदराखालून आणून दिलं आणि म्हणाली, "वाच, पण गप्प बस." तुमच्या नावापुढे तुमचे सगळे ग्रंथ, एकही न गाळता. त्याखाली आई. आईखाली मी, नावसुद्धा नाही: 'एक कन्या, अल्पवयात निवर्तली.'

माझ्या सासूला वाचता येत नव्हतं, नवऱ्याने वाचून दाखवलं. ती पाटावर बसून मासे साफ करत होती. म्हणाली, "मंग आमच्याकडं जेवते ती कोन हाय? मेलेली बाय एवरा भात खाते का?" सगळे हसले, मीही हसले. हसता हसताच चपला घातल्या आणि पनवेलला तुमच्याकडे आले.

तुम्ही स्वयंपाकघरात जेवायला बसलेले. आई पोळ्या करतेय. मी विचारते, "अप्पा, मी मेले कधी?" तुम्ही घास चावून संपवता, पाणी पिता आणि म्हणता, "कुळापुरती मेलीसच की." आई चिमटा हातात धरून तशीच उभी. तव्यावरची पोळी जळतेय, धूर होतोय, कुणी हलत नाही. मला काय सुचावं, मी विचारलं, "मग तारीख का नाही दिलीत?" तुम्ही चक्क दुखावलात. म्हणालात, "खोटी तारीख मी देत नाही." बाई गं! जिवंत पोरगी मारायला हरकत नाही, तारीख तेवढी खोटी नको. त्यानंतर तुम्ही असेपर्यंत मी त्या घरात पाऊल ठेवलं नाही. मला मुलगी झाल्याचं आईने तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही पेपरची घडी बदललीत म्हणे.

तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, आईही गेली. कुलमंडळ नवी आवृत्ती काढतंय. काम माझ्या पुण्याच्या चुलतभावाकडे आहे. साधा, बरा मुलगा आहे. जुनी आवृत्ती कुणी सांभाळलेली नाही, जो तो आपापली नोंद नव्याने लिहून देतोय. मागच्या महिन्यात त्याने फोन केला. "ताई, तुझ्या नोंदीत चूक झाली होती ना, ती सुधारतो. आणि काकांची नोंद तूच लिही. त्यांची पुस्तकं होती म्हणतात, मला तर कुठेच मिळाली नाहीत. असली तर नावं तरी राहतील." खरंच होतं ते. रद्दीत गेलेलं गेलं. वाचनालयाच्या प्रती वाळवीने खाल्ल्या. ज्यांना तुम्ही 'सप्रेम भेट' दिलीत ते तुमच्याआधी गेले. तुम्ही ग्रंथकार होतात हे कुठे राहायचं तर त्या एका पानावर, आणि ते पान माझ्या हातात.

मी लिहिलं. तुमचं नाव, जन्म, मृत्यू, दोन्ही तारखा खऱ्या. नोकरी. पत्नी. मग मी, माझा नवरा, सासरचं गाव, माझी मुलगी, सगळे नावानिशी. ग्रंथ एकही नाही.

काल छापायला द्यायच्या आधी त्याने पुन्हा फोन केला. "ताई, काकांची पुस्तकं राहिली का गं? बाबा सांगायचे, त्यांनी बरंच लिहिलं होतं."

मी म्हटलं, "ऐकीव माहिती छापू नये."

"म्हणजे नव्हतंच काही?"

"नव्हतं."

"बरं," म्हणाला बिचारा. त्याने विश्वास ठेवला. लेकीहून जास्त कुणाला माहीत असणार? अप्पा, बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. खाण तशी माती, दुसरं काय.

हे तुम्हाला कुठल्या पत्त्यावर पाठवू, आणि कशाला? लिहून झालं की फाडून टाकेन. एवढंच कबूल करते: फोन ठेवल्यावर मी बेसिनचा नळ सोडून खूप रडले. फाइल संध्याकाळपर्यंत त्याच्याकडेच होती, आणि मी त्याला परत फोन केला नाही.