बुजवलेल्या तळ्याची साक्ष

तीर्थरूप येल्त्येताईस,
पाणथळीतून धाकट्याचा ओलसर नमस्कार.

खोकला गेला. तुझे लोकरी मोजे घालतो. पक्षी मोजण्यातला माझा जोडीदार हेर्बेन, बोरू कापणारा, म्हणतो, "गुरुजी, पाय आहेत की मेंढ्या?"

उद्या कोर्टात साक्ष आहे. या बोरूच्या बनात बुजरा बगळा घुमतो हे सिद्ध झालं, तर युरोपच्या कायद्याने नवा रस्ता अडेल. नाहीतर बन गेलंच. पक्षी दिसायलाच हवा असं नाही, ऐकू आला तरी पुरे. मी शिकवतो ते भारतातले नैयायिक खूश झाले असते: प्रत्यक्ष नको, शब्दप्रमाण चालतं!

त्याचा आवाज बुधल्यात फुंकल्यासारखाच; म्हणून आज पहाटे धुक्यात, त्याला बोलतं करायला आम्ही बनाच्या दोन टोकांना उभे राहून रिकाम्या बुधल्यांत फुंकत होतो. झकास उत्तरं आली. मग कळलं, आम्ही एकमेकांनाच मोजत होतो! हसून हसून बुधले खाली ठेवले.

तेव्हा तो घुमला. रस्त्यासाठी गेल्या वर्षी वाळूने बुजवलेल्या तळ्यातून. जवळ गेलो, तर वर बगळा कुठेच नाही, आणि पायाखालची वाळू थरथरत होती.

"ऐकलंत, गुरुजी?"

"ऐकलं."

"मग कोर्टात तेवढंच सांगा."

तेवढंच सांगेन. आज खिडकी लावून झोपणार आहे, ती थंडीमुळेच. तुझी मांजर बरी आहे ना?

न्यायाधीशबाईंनी "कुठून?" असं विचारू नये, एवढी प्रार्थना मात्र कर.

तुझा,
सीत्से