महापौरबाई बसनं घरी आल्या

४ मार्च, मंगळवार

राजधानीचा हुकूम आज नेमका माझ्याच टेबलावर आला. उघडला, आवक नोंदवली, साहेबांच्या खोलीत नेऊन ठेवला.

आपल्या शहराबद्दल होता. म्हणजे सासूबाईंबद्दलच! शहराला वरून मिळणारं वर्षाचं अनुदान रोखलंय. महापालिकेनं सिटी बस बंद करावी, दोन्ही डेपो जमिनीसकट केंद्राच्या मंडळाला द्यावेत, आणि अर्थसंकल्प तसा बदलून एप्रिलच्या मध्यापर्यंत मंजूर करावा. नाहीतर सभागृह बरखास्त आणि वर प्रशासक.

माझं लग्न झालं तेव्हा सासूबाई बसमध्ये कंडक्टर होत्या आणि मी केंद्राच्या वित्त कचेरीत नुकती लागले होते. त्या पुढे महापौर होतील आणि आमची दोन टोकं अशी समोरासमोर येतील, हे कुणाच्या स्वप्नात तरी होतं का!

जेवताना मी पोळी नुसती कुस्करत बसले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, ताटात भाजी वाढली. "कचेरीतलं कचेरीत ठेव," म्हणाल्या. "मला यायचं ते टपालानं येईल."

५ मार्च

टपालानं आलं. स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता चष्मा लावून वाचलं. दोनदा.

"भाषा गोड आहे हो," म्हणाल्या. "'विनंती' म्हणतात आणि गचांडी धरतात."

नवरा म्हणाला, "देऊन टाक ना बस! तोट्यातच चालते."

"शाळाही तोट्यातच चालते. तुझी बंद करू?"

तो महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवतो. त्यानं मटाराची शेंग उचलली आणि सोलायला लागला. मग त्याच जरा नरमल्या. "अरे, उद्या सभागृह म्हणालं बस नको, तर मी स्वतः डेपोला कुलूप घालीन. भांडण बसचं नाही. आमची गाडी कुठे थांबवायची, हे गाडीत न बसणाऱ्यानं का ठरवायचं?"

१० मार्च

आमटीत मीठ कमी पडलं म्हणाल्या. बाईंचं सिंहासन डळमळतंय आणि लक्ष माझ्या मिठावर!

१३ मार्च

साहेबांनी आत बोलावलं. दार लोटून घ्यायला सांगितलं. "तुम्ही घरच्या. जरा समजूत घाला त्यांची." मग हसत हसत — "तुमच्या बढतीची फाईल माझ्याकडेच आहे, बरं का."

घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, आता भडकतील. पण नाही.

"निरोप पोचला म्हणून सांग. समजूत घातली, म्हातारी ऐकत नाही, हेही सांग. बढती दिली तर घे. लाजायचं काय त्यात?"

"पण मी समजूत घातलीच नाही अजून."

"मग घाल की! चहा उकळेपर्यंत वेळ आहे."

आणि मी खरंच घातली. सरकारची बाजू जेवढ्या प्रामाणिकपणे मांडता येईल तेवढी मांडली — वाढता तोटा, जुन्या गाड्या, थकलेलं कर्ज. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "डेपोची जमीन त्यांना कशाला हवी, ते कुठे लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतंच. मलाही ते पहिल्या दिवशीच खटकलं होतं. पण आमच्या कचेरीत खटकलेलं बोलायची पद्धत नाही.

चहा उतू गेला तो गेलाच.

२ एप्रिल

तिजोरीत खडखडाट, पगार अर्ध्यांनाच. आधी सफाईवाले, मग दवाखाना, मग बसवाले. शाळा मागे ठेवल्या. माझ्या नवऱ्याचा पगार अडवणारी बाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आई!

"आई, मी तुझा मुलगा आहे," तो म्हणाला.

"म्हणून तर तुला थांब म्हणता येतं. तुला आधी दिला तर बाकीच्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

तो दार आपटून गेला. मलाही राग आला. लेकीची फी भरायची आहे, दुकानदार बघून न बघितल्यासारखं करतो. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "सध्या हे घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललंय!"

"हो ना," त्या म्हणाल्या. "म्हणजे केंद्र सरकार मला पोसतंय. त्यांना कळवू नकोस, तेही रोखतील."

हसू आवरेना मला. त्यांनाही. राग कुठे गेला कळलंच नाही.

६ एप्रिल, रविवार

गच्चीवर दोघी कपडे वाळत घालत होतो. मधेच चादरीच्या पलीकडून आवाज आला, "माझं चुकत असेल तर?"

मी पुढचा कपडा पिळायला घेतला.

"हट्ट माझा आणि चूल दुसऱ्याची विझायची. असंच होतंय ना?"

मी चिमटे पुढे केले. चेहरा दिसत नव्हता, फक्त चादरीची कडा धरलेली बोटं.

७ एप्रिल

सकाळी उठून डेपोवर गेल्या. तिथून झोपडपट्टीत, मग बाजारात. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न — पगार अडतात, दिवे विझतात, आणखी किती सोसाल? खरं सांगा. नाही म्हणालात तर आज सही करते.

भाजीवाल्या बायकांनी त्यांना झापलं म्हणे. "आता सही करायची होती तर मग आधी आमचे हाल कशाला केले?" हे त्यांनी स्वतः घरी येऊन सांगितलं, अगदी खुशीत.

११ एप्रिल

रजा टाकून सभागृहाच्या गॅलरीत जाऊन बसले. कुणी ओळखलं तर ओळखो.

खाली गोंधळ. चार-पाच जण पुढच्या मोकळ्या जागेत उतरून ओरडताहेत. सासूबाईंनी घंटी वाजवली. "दारात गर्दी करू नका. आत सरका, जागा आहे." अख्खं सभागृह हसलं आणि माणसं खरंच जागेवर जाऊन बसली! कंडक्टरकी अंगातून जात नाही.

मग विरोधी पक्षाचे नेते उठले, ते वकील. इतकी वर्षं या माणसानं सासूबाईंना एक दिवस सुखानं घालवू दिलेला नाही. त्यांच्या बोलण्यावर, चालण्यावर, पदरावरसुद्धा टीका केलीय. 

ते म्हणाले, "या बाईंचा कारभार मला पसंत नाही. बसचा तोटा यांच्यामुळे वाढला, हे मी आजही म्हणतो. यांना खुर्चीवरून खाली खेचायची माझी फार इच्छा आहे. पण ते काम माझं आहे. माझ्या मतदारांचं आहे. राजधानीला मी ते करू देणार नाही."

आणि हात वर केला.

बसचा खर्च कायम ठेवून, महापालिकेनं स्वतः बनवलेला अर्थसंकल्प मंजूर. काही जण सभात्याग करून गेले. बाकी सगळे हात वर. सासूबाईंनी निकाल वाचला तेव्हा आवाज साधा होता, स्टॉपचं नाव सांगावं तसा. मी मात्र वर बसून हमसून हमसून रडले. शेजारच्या अनोळखी बाईंनी रुमाल दिला.

१७ एप्रिल

बरखास्त.

२१ एप्रिल

प्रशासक आले. पोरगेलेसे, सभ्य, जरा घाबरलेले. सासूबाईंनी त्यांना दालन फिरून दाखवलं — ही खिडकी अडकते, वरून ढकला. हा शिपाई सकाळी उशिरा येतो, बायको आजारी आहे, बोलू नका. त्या बिचाऱ्या प्रशासकाला वाटलं होतं, बाई तमाशा करतील. तो खुर्चीतून उठून उभाच राहिला शेवटपर्यंत.

हुकुमात आणखी एक ओळ आहे. बरखास्त सभागृहाच्या महापौरांना पुढच्या निवडणुकीला उभं राहता येणार नाही. ती वाचून त्यांनी कागद घडी करून पिशवीत टाकला. 

गाडी काढून घेतली, म्हणून बसनं आल्या. मी त्यांना आणायला गेले होते. कंडक्टरनं तिकीट द्यायला नकार दिला — "तुमच्याकडून कसले पैसे, बाई!"

अशा काही कडाडल्या! "तोटा तोटा म्हणतात तो असाच होतो! दोन फाड!"

बसमधले सगळे उठून उभे राहिले. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. हात मात्र माझ्या हातावर होता, घट्ट. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

३० मे

वकिलांनी कोर्टात फुकट दावा लढवला. निकाल अर्धा आपल्या बाजूनं — बरखास्ती कायम, पण नवं सभागृह येईपर्यंत डेपोच्या जमिनीला कुणी हात लावायचा नाही. निवडणूक पावसाळ्यानंतर घ्यायची.

वकील पेढेबिढे न आणता, हात हलवत आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. चहा प्यायले आणि म्हणाले, "तुमच्या जागी कोण? माझ्यासमोर कुणीतरी धड माणूस द्या, नाहीतर मजा नाही."

सासूबाईंनी बरीच नावं घेतली, बरीच खोडली. मुलाकडे पाहून 'हा नको' अशी मान हलवली. तोही सुटलो म्हणून हसला.

मी कप विसळत होते.

१८ ऑगस्ट

साहेबांनी बढतीचा कागद दिला. घेतला. थँक्यू म्हटलं.

१ सप्टेंबर

बढतीसकट नोकरीचा राजीनामा आज मंजूर झाला. साहेब म्हणाले, "सासूबाईंनी भरीला घातलं ना?" दुपारी निवडणूक कचेरीत जाऊन सासूबाईंच्या वॉर्डातून अर्ज भरला. सूचक म्हणून नवऱ्यानं सही केली. 

सासूबाईंना अजून काहीच माहीत नाही. खाली भांडी लावताहेत. जाते, सांगते.