यासिरचं मराठी

सुदान, १२ ऑक्टोबर २०२५

ति. कमळाआत्यास,
मृणालीचा शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलण्यासारखं नाही, कारण घरी फोन स्पीकरवर असतो. म्हणून इथे माझ्यासोबत नर्स असलेल्या, सुट्टीवर निघालेल्या केरळच्या सिस्टरबरोबर पत्र धाडतेय. बाबांना दाखवू नकोस.

मी ठीक आहे. लढाई शहराबाहेर आहे, आमच्या इस्पितळात येतात ती जखमी माणसं. ड्युटी संपली की आपलं वळ गावचं घर आठवतं, तुझी तांदळाची भाकरी आणि सुकट आठवते. एकदा औषधांच्या खोलीत रडत बसले होते, तर तिथला फार्मासिस्ट यासिर म्हणाला, अगं, जेवलीस का? तो इथलाच, पण पुण्यात शिकलेला. आत्या, कित्येक महिन्यांनी समोरच्या माणसाकडून मराठी ऐकलं! निघताना जातो न म्हणता येतो म्हणतो, अगदी आपल्यासारखा.

आता त्याने लग्नाचं विचारलंय. हो म्हणायला तोंड उघडलं आणि गोंधळले. मला तो हवाय, की त्याच्या तोंडचं मराठी? तिकडे बाबा प्रितेशच्या घरी माझ्या लग्नाची बोलणी करताहेत. तूच सांग.

माझ्या खुळेपणाने तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझी
मृणाली

वळ, २ नोव्हेंबर

चि. मृणालीस,
कमळाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

बाय, पत्र चुलीपाशीच वाचलं. कालवण करपलं, तुझा बापूस जेवताना बडबडला, तरी पत्र दाखवलं न्हाय. पोरगा मुसलमान, वर परदेशातला! भिवंडीत ईदचा शिरखुर्मा आपण आवडीने खातो, पण लेक द्यायची म्हटली की गाव वेगळंच बोलतं. आधी राग आला, मग हसू आलं. एवढ्या लांब जाऊन शोधलास तो पुण्याला शिकलेला!

मी मुरबाडला नांदत होते, अजून माघारी आले नव्हते, तेव्हा माहेरच्या वाटेने येणारा कासारही मला देव वाटायचा. बांगड्या नको असल्या तरी भरायचे. तुझंही तसंच हाय का, ते मला इथून कसं कळावं? त्याला सांग, काही दिवस माझ्याशी मराठी बोलू नकोस. मग बघ काय उरतं. काही न्हाय उरलं तर गपचूप घरी ये. उरलं तर काय, ते मलाही ठाऊक न्हाय.

जिवाला जप. रागावले तरी तुझीच,
आत्या

सुदान, २७ नोव्हेंबर

ति. कमळाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. कारण ऐकून यासिर दुखावला. मग बाकीच्यांशी बोलतो तसा माझ्याशीही इंग्रजीत, कामापुरतं बोलू लागला. तो मला चारचौघांसारखाच वाटायला लागला. सुटले म्हणायचं, तर त्याचंही रडूच आलं.

मग मंगळवारी जवळच ड्रोन पडला, आमच्या काचा फुटल्या. पेशंटना जिन्याखाली नेलं. एक म्हातारी थरथरत होती. यासिर तिचा हात धरून अरबीत काहीबाही सांगत राहिला, ती शांत होईपर्यंत. मी शेजारी बसले होते. मला एक शब्द कळला नाही. आणि आत्या, आता उठा असं डॉक्टर म्हणाले, तरी मला त्याच्याजवळून उठवेना.

त्याला हो म्हटलंय. जानेवारीत एकटीच घरी येतेय. बाबांना मीच सांगणार. आम्ही कुठल्या देशात राहू, गाव काय म्हणेल, काहीच सुचत नाही. सगळा गोंधळच आहे, फक्त मला कोण हवंय, त्याचा उरला नाही.

सांगेन तेव्हा माझ्या बाजूला उभी राहा. नाही जमलं, तरी मला परकी करू नकोस.

तुझीच
मृणाली