पानांवरचं केशर

सान्ता रोसालियाचा डोंगर, रविवार

लाडक्या एउलालियाला थोरल्या भावाचे भरभरून आशीर्वाद.

मी बरा आहे. लेक दोन्ही वेळा गरम टॉर्टिया वाढते. तुझ्या कोंबड्या काय म्हणतात?

परवा इथे कॉफीच्या पानांखाली केशरी पूड दिसली. शाळेत आपण संध्याकाळची कविता म्हणायचो ना, अगदी तो रंग. बोटावर घेऊन जावयाला, एव्हारिस्तोला, दाखवली, तर त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "मामा, कविता मागाहून करा, आधी हात धुवा. तांबेरा आहे हा."

औषध फवारलं तर रास्त भाव देणाऱ्या संस्थेचा सेंद्रिय शिक्का जातो, न फवारलं तर बाग जाते. शेजारच्या टेकडीवर नुसत्या काड्या उरल्यात. हा रोग वाऱ्याने जातो तसा कपड्यांनीही जातो, म्हणून यंदा तुझ्याकडे कॉफीच्या तोडणीला मी येत नाही.

पण हे कळण्याआधीच मी माझा उसवलेला कोट तुझ्याकडे शिवायला पाठवला. बागेत रोज तोच घालत होतो. ते गाठोडं सोडू नकोस, तसंच चुलीत घाल.

तुझी सवय मला ठाऊक आहे. पत्र पोचेपर्यंत तू तो झटकून, ऊन दाखवायला आपल्या कॉफीच्या झुडपांवर पसरलाही असशील. तसं असेल तर त्या झुडपांची पानं उलटून बघ, आणि काय दिसतं ते मला खरं कळव.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून,
दादा तिबुर्सिओ