शेवटची पायरी

माय, काल ती आली होती. आपल्या शेजारची, माझ्याच वयाची, गुडघ्यात पाय वाकलेली. चहा पिता पिता तिनं तुझा विषय काढला. "तुह्या मायसारखी बाई नाई झाली. मले पाठुंगळी घेऊन विहिरीत उतरे." मी कपबशा उचलून आत गेले आणि नळ सोडून उगाच उभी राहिले. मला तिच्याकडे बघवेना.

कुरखेड्याकडची आपली ती पायऱ्यांची विहीर. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की बायका खालपर्यंत उतरायच्या आणि पाण्यात उभ्या राहून घागरी भरायच्या. पाण्याच्या बाबतीत तू किती कडक होतीस! चपला वरच काढायच्या, खाली कुणी चूळ भरायची नाही. मी एकदा थुंकले तर सगळ्यांदेखत तू पाठीत धपाटा घातलास. "प्याच्या पान्यात थुकतं का, पोरी? लोकं पितेत ना ते!" त्याच उन्हाळ्यात मला नारू झाला, आणि तू मला उचलून त्याच पाण्यापाशी नेलंस.

घोट्यावर फोड आला होता, नुसती आग आग होत होती. नारू झालेल्या माणसाला आपल्या गावात शेवटच्या पायरीवर बसवायचे, पाय पाण्यात सोडायला सांगायचे. बायका सरकून जागा द्यायच्या, कुणी केसांवरून हात फिरवायची. मला तू बसवलंस. पाणी लागलं तसा फोड फुटला आणि दुधासारखं पांढरं काहीतरी पाण्यात पसरलं. मी भ्याले. तू हसलीस. "पाह्य, विष उतरून राह्यलं. आता बरं वाटन." खरंच वाटलं, माय. मग दोऱ्यासारखा किडा दिसू लागला, तो तू काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढलास. तुझ्या हाताला गुण आहे असं गाव म्हणायचं. माझ्यापासून दोन हातांवर शेजारीण घागर बुडवत होती, तो आवाज अजून कानात आहे.

पुढच्या उन्हाळ्यात त्या शेजारणीच्या मुलीला नारू झाला. तिचा किडा मध्येच तुटला, पाय सुजला, गुडघा वाकला तो वाकलाच. तीच काल आली होती.

मी नागपूरला नर्सिंग शिकायला गेले तेव्हा एका सकाळी शिकवणाऱ्या बाई नारूवर बोलू लागल्या. फोड पाण्यात बुडाला की फुटतो, पांढरा द्रव येतो. त्यात नारूची हजारो पिल्लं असतात. ते पाणी जो पितो त्याला वर्षभरानं नारू होतो. मी बाकाची कड घट्ट धरली. पांढरं म्हणाल्या ना बाई? मी बाकावरच्या मुलीला विचारलं, तिनं मान डोलावली. विष उतरत नव्हतं, माय, आपण ते पाण्यात पेरत होतो! थुंकायची बंदी असलेल्या पाण्यात, प्रेमानं, हात धरून, दर उन्हाळ्यात. आणि वर्षभरानं म्हणजे? मी वर्गात बसून बोटं मोजली. शेजारणीच्या मुलीला नारू झाला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्या पायरीवर मी बसले होते.

सुट्टीत आले ती तुला सांगायचं ठरवूनच. तू घरी नव्हतीस. विहिरीवर होतीस, एका लेकुरवाळीचा पाय पाण्यात धरून. पाण्यात पांढरं पसरत होतं आणि पलीकडे घागर बुडत होती. मला बघून केवढी खुललीस! "ये, पोरी. तू तं आता शिकलेली. सांग हिले, बरं वाटते का नाई?" सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "हो, बरं वाटते." मी म्हणाले हे! वहीत सगळं लिहून घेतलेली मी!

परत गेल्यावर चांद्याच्या कचेरीत अर्ज धाडला, खाली सही केली नाही. माणसं आली, पायऱ्या बुजवल्या, कठडा बांधला, रहाट बसवला. तू त्यांच्याशी भांडलीस. "पायऱ्या बुजवता, मंग दुखनेकऱ्यानं कुठी जावं?" तीन उन्हाळ्यांनी गावात नारू उरला नाही. तू देवीला नारळ फोडलास. तरी अखेरपर्यंत मधूनच विचारायचीस, "कोनं केला असन वो तो अर्ज? कोनाचं काय वाईट केलं होतं आपन?" मी म्हणायचे, "मले काय ठाऊक, माय."

अर्ज मी केला होता. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहिता आलं. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर कागद माझ्याच हातात देऊन म्हणाली असतीस, वाच. मी वाचलंही असतं. वाचता वाचता विहिरीच्या ओळींपाशी आले असते तेव्हा मात्र जरा थांबून, इकडे सगळं बरं आहे, असं काहीतरी मनचंच वाचून दाखवलं असतं.